कसारा घाटात लाल थर्मामीटर, घरी आल्यावर पिवळं इंजिन : बिघडलंय तरी काय?

पाथर्डी फाटा (धागाकर्ता)

मंडळी, गाडीबाबत मदत हवी आहे. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, पाऊण लाखाच्या पुढे रनिंग. तापमानाचा काटा नाही, नुसते दिवे आहेत.

मे महिन्यात ठाण्याहून नाशिकला येताना कसारा घाटात एक ट्रेलर बंद पडला होता. सगळी रांग पहिल्या गिअरवर सरकतेय, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. वरच्या वळणावर लाल थर्मामीटर लागला. एसी बंद केला. पुढे रस्ता मोकळा झाला आणि इगतपुरी यायच्या आत दिवा आपोआप विझला. घोटीला बॉनेट उघडून बघितलं तर कूलंटची बाटली जवळपास रिकामी. प्यायचं पाणी ओतलं आणि घरी आलो.

घराजवळच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. म्हणाला, "आता कुठलाही घाट चढवा, तापायचं नाव नाही घेणार." काही दिवस बरे गेले, मग पिवळा इंजिनचा दिवा लागला तो लागलाच. मोठ्या गॅरेजात नेली तर त्यांनी यादी हातात दिली: रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होस पाइप, वर इंजिन फ्लश. साडेएकोणीस हजार. स्कॅनर लावला का विचारलं, तर "गरजच नाही, दिसतंयच."

लाल आणि पिवळा हे एकच दुखणं की दोन? आणि एवढे पैसे घालावेत का?

तर्री कमी

पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. दहा रुपयांत काम. आमच्या मामांनी तसंच केलंय, आणि त्यांची गाडी उत्तम चालते असं ते स्वतः सांगतात. आम्ही कुणी तिच्यात बसत नाही.

सातपूरचे आबा

दोन दुखणी आहेत. दुसरं पहिल्याच्या औषधाने झालेलं.

लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घ्या, आत्ता. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण दाखवून घ्या. हिरवा-निळा नुसता कळवायला असतो. हा रंगांचा नियम जवळपास सगळ्या कंपन्या पाळतात. त्यामुळे लाल थर्मामीटर आणि पिवळं इंजिन यांची मोट बांधून एकच बिल करायचं काही कारण नाही.

आधी लाल. बाटली रिकामी होती म्हणता. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही, तेच तेच आत फिरत राहतं. कमी झालं म्हणजे एक तर बाहेर गळालं, नाही तर आत सिलिंडरमध्ये जळालं. गळालं असेल तर खूण सापडते. जळत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलेलं.

आता पिवळा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला दरवाजा. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन वेळेत तापत नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज उतरलं असेल, बघा. पैज लावतो, स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी ०१२८ निघणार, म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही.

एवढं तपासून सांगा. सकाळी गाडी गार असताना (गारच, गरम असताना झाकणाला हात लावलात तर तोंड भाजेल) रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ आहे का? एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का? तेल भरायच्या झाकणाला आतून दुधाळ साय आहे का? आणि गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होस पाइप दाबून बघा. इतक्यात तो टणक लागला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत असेल, मग मला चिंता वाटेल.

घाटमाथा

आबा, आदर राखून असहमत. आमच्या वडिलांनी जुन्या जीपचा थर्मोस्टॅट काढूनच ती आयुष्यभर चालवली. आपल्याकडच्या हवेत त्याची गरज काय? ही सगळी थंड देशांची थेरं.

सातपूरचे आबा

@घाटमाथा, जुन्या जीपला कार्ब्युरेटर होता, त्याला इंजिनाच्या तापमानाशी काही घेणंदेणं नव्हतं. इथे प्रत्येक थेंब सेन्सर विचारून पडतो. शिवाय आजच्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की बायपास कायमची उघडी राहते, निम्मंअर्धं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत येतं. म्हणजे गावात गाडी गार आणि घाटात उलट जास्त गरम. मेकॅनिकने ज्या घाटाची खात्री दिली तिथेच ती दगा देईल.

घाटमाथा

बायपासचं माहीत नव्हतं. बरं, पुढे चालू द्या.

कॉलेज रोड ताई

मी दोन प्रश्न घुसडू का? माझ्या गाडीत रोज सकाळी निळा थर्मामीटर लागतो आणि मुलाला शाळेत सोडेपर्यंत जातो. त्यात काही बिघाड? आणि आबांनी सांगितलेली दुधाळ साय माझ्या झाकणाला खरंच आहे, थोडीशी. आता माझी झोप उडाली.

सातपूरचे आबा

ताई, निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे, जोरात पळवू नका. तो विझतो म्हणजे सगळं ठीक. तासभर गाडी चालवूनही तो जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

सायीचं: रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर तेल पुरतं तापत नाही, आतला दमटपणा झाकणाला साय होऊन बसतो. पावसाळ्यात आणि थंडीत हमखास. झाकण पुसा, एकदा लांब, पिंपळगावपर्यंत जाऊन या आणि परत बघा. डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी हलत नसेल तर निवांत झोपा. डिपस्टिकलाही चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, टो करून न्या.

तर्री कमी

पिंपळगावला जाऊन या म्हणजे टोल पण भरून या.

लासलगावकर

आमच्या पिकअपचा किस्सा. कांद्याच्या हंगामात लिलावाला रोजच्या फेऱ्या. गाडी हळूहळू तापायला लागली, एसी पण गार करीना. तीन ठिकाणी दाखवली. एकाने पंप सांगितला, एकाने हेड. शेवटी आमच्या गावच्या वेल्डिंगवाल्याने पुढची जाळी काढून आत टॉर्च मारला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कांद्याची फोलपटं! बाजार समितीच्या आवारात ती उडतच असतात, पंखा ती आत ओढतो, वर पावसाळ्यातला चिखल बसला की थापी तयार. समोरून बघितलं तर रेडिएटर चकाचक, कारण दिसतो तो कंडेन्सर. मधलं कुणी बघतच नाही. मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून पुढे, हलक्या दाबाने पाणी मारलं आणि अर्धी पाटी फोलपटं निघाली. जोरात प्रेशर मारू नका, पात्या वाकतात.

सिन्नर एमआयडीसी

लाल थर्मामीटरच्या जोडीला बॅटरीचा दिवाही लागला तर डोक्यात पहिलं नाव यायला हवं पट्ट्याचं. पुण्याहून येताना चंदनापुरी घाटाच्या अलीकडे आमचा बॅटरीचा दिवा लागला. मित्र म्हणाला, "बॅटरी जुनी असेल, घरी जाऊन बघू." तेवढ्यात स्टिअरिंग जड झालं. गाडी लगेच बाजूला घेतली. अल्टरनेटर, वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप, तिघांना एकच पट्टा होता आणि तो तुटून खाली लोंबत होता. आणखी पाच मिनिटं दामटली असती तर हेड वाकलं असतं.

सगळ्या गाड्यांत अशी रचना नसते. काहींत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असतो, आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगला पट्टा लागतच नाही. आपल्या गाडीत काय आहे ते एकदा बॉनेट उघडून बघून ठेवा.

मालेगाव भो

काय भो, कूलंट कूलंट काय लावलंय. आम्ही विहिरीचं पाणी ओततो. खान्देशात ४४ डिग्रीत गाड्या पळतात आमच्या. नाशकात बर्फ पडतो का, अँटीफ्रीझ घालायला?

रसायनशाळा

@मालेगाव भो, बर्फ पडत नाही, निफाडला एक आकडी तापमान गेलं तरी रेडिएटर गोठत नाही, कबूल. पण गोठू न देणं हे कूलंटचं आपल्याकडचं सगळ्यात बिनकामाचं काम आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन चालतं ९० ते १०० वर. म्हणजे पाणी आणि वाफ यांच्यात काही अंतरच उरत नाही. अर्धं इथिलीन ग्लायकॉल, अर्धं पाणी घेतलं तर उकळबिंदू १०६-१०८ पर्यंत सरकतो. त्यावर रेडिएटरचं झाकण. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. तो धरला की उकळबिंदू १२५ च्या आसपास जातो. झाकणाचा रबर चिरला की हे सगळं गेलं, आणि घाटात पाणी उकळून बाटलीतून बाहेर.

दुसरं गंजाचं. विहिरीच्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. घरातल्या गिझरचं कॉइल काढून बघा, पांढरा थर दिसेल. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बऱ्याचदा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, तीही काही वर्षांत संपतात. म्हणून कूलंट स्वच्छ दिसत असलं तरी मुदतीत बदलायचं.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हे कंपन्यांनी घातलेले रंग, त्याला कुठलंही प्रमाण नाही. आत काय आहे ते मॅन्युअलमधल्या प्रकाराशी जुळवा. दोन प्रकार मिसळले तर गंजरोधक निकामी होऊ शकतात, कधी चिकट गाळही धरतो. वाटेत अडलात तर साधं पाणी ओता, बिनधास्त. पण घरी आल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरा.

मालेगाव भो

एवढं शिकलो असतो तर मीच गॅरेज टाकलं असतं ना भो. पण गिझरचं पटलं. आमच्या कॉइलवर बोटभर थर असतो.

अंबड सीएनजी

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्यांनी एक जागा जरूर बघावी. गॅस दाबातून सुटताना प्रचंड गार होतो, म्हणून रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) इंजिनाचं गरम कूलंट फिरवून ऊब देतात. त्यासाठी फिटर मूळ होस कापून टी-जोड टाकतो. माझं कूलंट त्या जोडातून थेंब थेंब जायचं. खाली डबकं कधी दिसलंच नाही, कारण थेंब गरम भागावर पडून वाळायचा. लक्षण काय, तर सकाळी गॅसवर टाकली की गाडी झटके देऊन बंद पडायची. मी गॅसच्या नावाने बोंब मारत होतो. रेड्यूसरवर हात ठेवला तर तो गारठलेला, बाहेरून दवासारखं पाणी धरलेलं. तिथून कूलंटचा पत्ता लागला.

पेट्रोलचा भाव

हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे होतंय. २०२५ पासून माझ्या गाडीचा आवाजच बदललाय. सरकारने

संपादक

ई-२० साठी स्वतंत्र धागा आहे आणि तिथे अगोदरच चारशेच्या वर प्रतिसाद आहेत. या विषयावरचे इथले पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

तर्री कमी

"सरकारने" वर तोडलंत, आता रात्रभर झोप नाही येणार आम्हाला.

पाथर्डी फाटा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आबांची परीक्षा दिली.

गार इंजिनवर झाकण उघडलं. बोट आत घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं, म्हणजे रेडिएटर अर्धवट रिकामा. बाटलीत मात्र पाणी आहे, घोटीला ओतलं होतं तेवढंच जवळपास. एसी लावला की पंखा फिरतो. तेलाचं झाकण स्वच्छ, डिपस्टिक स्वच्छ. वरचा होस मऊ. धूर नाही.

मित्राकडून ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीतले कोड मोबाईलवर दाखवणारा छोटा स्कॅनर) आणला, ॲपवर एकच कोड: पी ०१२८. आबा, पैज जिंकलात.

गोदाकाठ

डोंगलबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना वाटतं ते काम फक्त कंपनीच्या गॅरेजचं. आपल्याकडे २०१३ नंतरच्या पेट्रोल-डिझेल कारना स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. साधा डोंगल हजाराच्या आत मिळतो. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा, आणि ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम असेल तर तिचाही. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचं तापमान, वेग, आरपीएम काय होतं ते त्यात साठलेलं असतं. बॅटरीची तार काढून दिवा घालवणारे मेकॅनिक हा पुरावाच पुसून टाकतात. बिघाड तिथेच असतो, आठवड्याने दिवा परत लागतो.

आणि कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी ०४२० आला की सरसकट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) बदलायला सांगतात, पण मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा सायलेन्सरची गळतीही तेच दाखवू शकते. कोड मोहल्ला सांगतो, घर आपण शोधायचं.

पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र तो "दाखवून घ्या" मधला नाही. कुठला तरी सिलिंडर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. पाय हलका करा आणि लवकरात लवकर थांबा. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा, असं. त्या सिलिंडरचा इग्निशन कॉइल (ठिणगीला वीज देणारा) शेजारच्यावर लावून बघा. कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेला.

द्राक्षबाग दिंडोरी

आमच्याकडे कोड पी ०११८ आला होता. गाडी चालू केली की पंखा फुल स्पीडने, गार इंजिनालाही. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की ईसीयूला काही कळत नाही, मग तो खबरदारी म्हणून पंखा सोडून देतो. वायर कुणी तोडली? उंदराने. गाडी बागेतल्या शेडमध्ये असते, रात्री बॉनेटखाली ऊब असते, उंदरांचा फार्महाऊसच तो. एअर फिल्टरच्या डब्यात चक्क मनुके सापडले.

कॉलेज रोड ताई

मनुके! निदान शौकीन तरी होता. बंगल्यांतही हाच त्रास आहे. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे सगळं करून झालं.

द्राक्षबाग दिंडोरी

तंबाखू आमच्याकडचे उंदीर खातात असा माझा संशय आहे. खाली बारीक जाळी मारली आणि रात्री बॉनेट उघडं ठेवायला लागलो, तेव्हा कमी झालं. अंधारी उबदार जागा त्यांना मिळू द्यायची नाही, बस.

सातपूरचे आबा

उंदरांचं बाजूला ठेवा जरा. @पाथर्डी फाटा, तुमच्या उत्तरात एक गोष्ट मला लागली. रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली. इंजिन गार होताना पाणी आकसतं, तेव्हा बाटलीतलं पाणी झाकणाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून आत ओढलं जायला हवं. ते होत नाही, म्हणजे एक तर झाकण धरत नाही, नाही तर वर कुठेतरी चीर आहे आणि पाण्याऐवजी हवा ओढली जाते. गळती अशी वरच्या बाजूला असली तर खाली थेंब दिसत नाही, गरम असताना नुसती वाफ होऊन जाते.

म्हणून बाटली बघून समाधान मानू नका. आठवड्यातून एकदा गार इंजिनावर झाकण उघडून बघा. (काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीच दाबाखाली असते. तिथे बाटलीची पातळी खरी.)

रेडिएटर पूर्ण रिकामा झाला तर दिवा फसवू शकतो हेही लक्षात ठेवा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणीच नसेल तर तो हवेत लटकतो, काटा उलट खाली येतो, आणि माणूस म्हणतो वा, गार झाली. तुमचा दिवा इगतपुरीच्या आत विझला तो रस्ता मोकळा होऊन हवा लागल्यामुळे की यामुळे, आता सांगता येणार नाही. त्या वेळी हीटर लावून बघितला असता तर कळलं असतं. दिवा लाल आणि हीटरमधून गार हवा, म्हणजे पाणी संपलंय.

आता प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावतात, दाब देतात, काटा उतरतो का बघतात. पंधरा मिनिटांचं काम. झाकणाचीही त्याच पंपावर होते. ही टेस्ट न करता पंप बदला म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

नाशिकरोडचा पाहुणा

लाल दिवा लागल्यावर इंजिन लगेच बंद करायचं की चालू ठेवायचं? एक भाऊ म्हणतो बंद कर, दुसरा म्हणतो बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं आणि हेड आणखी तापतं. घरात यावरून भांडण आहे.

सिन्नर एमआयडीसी

बंद. सरळ बंद.

सातपूरचे आबा

दोन्ही भाऊ बरोबर, वेगवेगळ्या वेळी. वाफ नाही, पंखा फिरतोय, पट्टा शाबूत आहे: न्यूट्रल, एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. दिवा जात नसेल तर बंद. वाफ येतेय किंवा पाणी गेलंय: त्याच क्षणी बंद, फिरवायला आत आहेच काय? आणि दिवा तेलाच्या किटलीचा असेल तर चर्चाच नको. तो तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. लागला की चावी फिरवा, गाडी उतारावर असेल तर बाजूला घेऊन.

गरम इंजिनात गार पाणी ओतू नका. अर्धा तास बसा. बॉनेटला हात लावता आला तरी झाकण गार झालं असं समजू नका.

सिन्नर एमआयडीसी

आबा, तुम्हाला पंखा-पट्टा बघून ठरवता येतं. सर्वसामान्य माणूस घाटात घाबरलेला असतो, मागून ट्रक हॉर्न मारतोय. त्याला एकच नियम द्या. बंद करा. दोन मिनिटांनी जो फायदा व्हायचा त्यापेक्षा चुकीच्या अंदाजाचा तोटा मोठा.

सातपूरचे आबा

ज्याला बॉनेट कसं उघडतं हे माहीत नाही त्याच्यासाठी तुमचा नियम. मान्य.

घाटमाथा

आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालाय. कसारा घाट टाळा, प्रश्नच मिटला.

तर्री कमी

म्हणजे रेडिएटरऐवजी रस्ता बदलायचा. टोल धरून साडेएकोणीस हजार किती फेऱ्यांत वसूल होतील, हिशोब मांडा कुणीतरी.

पाथर्डी फाटा (धागाकर्ता)

निकाल हाती आला. तिसऱ्याच गॅरेजात गेलो, नाशकातल्या द्वारका चौकाजवळ, दोन माणसांचं छोटंसं. त्याने पंप लावला, दाब दिला आणि काटा हळूहळू उतरायला लागला. मग आरसा आणि टॉर्च घेऊन रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला बघायला लावलं. जिथे प्लॅस्टिक ॲल्युमिनियमला चिमटवलेलं असतं त्या रेघेत गुलाबीसर पांढरी खपली, वाळलेल्या कूलंटची. दाब वाढवला तसा तिथून बारीक फेस आला, थेंब नाहीच. झाकण मात्र ठीक निघालं.

म्हणजे मोठ्या गॅरेजचं रेडिएटरचं म्हणणं खरं होतं! न तपासता सांगितलं, पण खरं. वॉटर पंपाला हात लावायची गरज नाही असं हा म्हणाला. पुलीला खेळ नाही, खालच्या छिद्रातून गळती नाही. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी मिळून साडेआठ हजार. थर्मोस्टॅट बसल्यावर कोड पुसला, दिवा परत लागलेला नाही.

गोदाकाठ

रेडिएटर ओरिजिनल की बाहेरचा?

पाथर्डी फाटा (धागाकर्ता)

बाहेरचा, पण नावाजलेल्या कंपनीचा. ओरिजिनल दुपटीच्या जवळ जात होता.

घाटमाथा

टाकी चिकटवून घेता आली असती ना? एपॉक्सी मारून पाचशेत होतं.

रसायनशाळा

दाब, उष्णता आणि जुनं झालेलं प्लॅस्टिक. चिकटवलेलं गावात टिकतं, घाटात सुटतं. मी नसतं केलं.

आणि जुनं कूलंट गॅरेजवाल्याने कुठे ओतलं? इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घरी काढणाऱ्यांनी डबा उघडा ठेवू नका, लहान मुलांपासूनही लांब ठेवा.

पाथर्डी फाटा (धागाकर्ता)

त्याने कॅनमध्ये भरून ठेवलं. पुढे काय करतो ते विचारलं नाही, आता विचारतो.

सातपूरचे आबा

काम बरं झालंय. होस पाइप जुनेच ठेवले ना? ठेवायला हरकत नाही, पण क्लिपा कुठल्या लावल्या? कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा काढून त्या जागी स्क्रूच्या आवळल्या असतील तर गाडी दोन-चारदा गरम-गार झाल्यावर त्या सैल पडतात. गार इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर लावून बघा. आणि कूलंटमधली हवा पूर्ण काढली का? पहिले काही दिवस पातळी थोडी खाली जाईल, भरत राहा.

पाथर्डी फाटा (धागाकर्ता)

वरची स्प्रिंगची आहे, खालची स्क्रूची दिसतेय. उद्या सकाळी बघतो.